रजा संपताना: नोकरी करणाऱ्या आईसाठी पंपाने दूध काढण्याची पद्धत, पहिल्या दिवसापासून

कामावर रुजू व्हायची तारीख जवळ आली की बहुतेक आया एकच प्रश्न विचारतात: फ्रीझरमध्ये किती पिशव्या भरून ठेवायच्या? कुणी चाळीस सांगतं, कुणी साठ. खरं उत्तर बरंच लहान आहे. पहिल्या दिवसापुरतं दूध आणि वर अडीअडचणीला दोन-तीन पिशव्या, एवढंच पुरतं. सोमवारी ऑफिसात काढलेलं दूध बाळ मंगळवारी पितं, मंगळवारचं बुधवारी. चक्र एकदा सुरू झालं की साठा नुसता पडून राहतो. त्यामुळे रजेचे शेवटचे आठवडे फ्रीझर भरण्यात घालवू नका. पंप हाताला बसवून घ्या, बाळाला दुसऱ्याच्या हातून प्यायची सवय लावा.

आधी हिशेब

एक ते सहा महिन्यांचं, फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसाला सरासरी ७५० मिली दूध पितं. कुणी ६०० वर समाधानी असतं, कुणाला ९०० लागतं. ७५० ला २४ तासांनी भागलं तर तासाला साधारण ३० मिली येतात. थोडा हात सैल ठेवून ४० धरा. तुम्ही ११ तास घराबाहेर असाल तर बाळाला ३३० ते ४४० मिली लागेल. एवढंच दूध दिवसभरात काढायचं आहे.

वयाच्या या टप्प्यात आईच्या दुधाचं रोजचं प्रमाण फारसं वाढत नाही. पावडरच्या दुधाच्या डब्यावरच्या तक्त्यात दर महिन्याला आकडे चढत जातात, पण तो तक्ता वरच्या दुधाचा असतो, तो इथे लावू नका. पाच महिन्यांच्या बाळाला एका वेळी १८० मिली द्यायला घरच्यांनी सुरुवात केली, तर दोन आठवड्यांत तुमचा पंप मागे पडतो आणि मग 'दूध कमी पडतंय' असं बोललं जातं. दूध कमी झालेलं नसतं, मापं मोठी झालेली असतात.

पंप घेताना

कामावर आठवड्यातून पाच-सहा दिवस जाणार असाल तर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चालणारा इलेक्ट्रिक पंप घ्या. वेळ निम्मा लागतो आणि दूधही जास्त येतं. हाताने दाबायचा पंप पर्समध्ये राखीव म्हणून उत्तम, पण रोज तीन वेळा चालवला तर मनगट दुखू लागतं. ब्राच्या आत बसणारे बिनवायरी पंप सोयीचे असतात. मात्र काही जणींचं दूध त्यात पूर्ण निघत नाही आणि पुढे वाकलं की सांडतं. पहिलाच आणि एकमेव पंप म्हणून तो घेऊ नये असं आमचं मत आहे.

बहिणीचा किंवा मैत्रिणीचा जुना पंप घ्यायचा असेल तर तो बंद पद्धतीचा आहे का ते बघा. बंद पद्धतीत दूध आणि मोटर यांच्यामध्ये रबराचा पडदा असतो, त्यामुळे दूध मोटरपर्यंत जात नाही. उघड्या पद्धतीत ते आत जाऊ शकतं, तिथे बुरशी धरते आणि मोटर धुता येत नाही. असा पंप दुसऱ्या आईने वापरू नये. बंद पद्धतीचा असला तरी कप, व्हॉल्व्ह, नळ्या आणि बाटल्या नव्या घ्याव्यात.

कपाचं माप आणि व्हॉल्व्ह

पंपाविषयीच्या तक्रारी ऐकल्या तर निम्म्याहून जास्त या दोन गोष्टींपाशी येऊन थांबतात, म्हणून इथे घाई करू नका.

स्तनावर बसतो त्या कपाला फ्लँज म्हणतात. त्याच्या नळकांड्याचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो. खोक्यात बहुधा २४ मिमीचा कप येतो, कधी २८ चा. अनेक जणींना मात्र १५ ते २१ चा लागतो. माप घ्यायला साधी पट्टी पुरते. पंप करण्याआधी स्तनाग्राच्या बुडाशी, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फक्त स्तनाग्र मोजा. भोवतीचा काळसर भाग धरायचा नाही. आलेल्या मापाइतका किंवा त्याहून ३ मिमीपर्यंत मोठा कप निवडा. १७ आलं तर १७ ते २०. दोन्ही बाजूंची मापं वेगळी निघू शकतात. मोठ्या कपात बसणारे सिलिकॉनचे इन्सर्ट मिळतात, त्यामुळे अख्खा कप बदलावा लागत नाही.

कप मोठा असेल तर काळसर भागही आत ओढला जातो, सुजतो, दूध अडकतं आणि पंपानंतर स्तन जडच राहतो. लहान असेल तर स्तनाग्र कडांना घासतं, टोक पांढरं पडतं, झोंबतं. कप बरोबर असेल तर स्तनाग्र मधोमध मोकळं पुढेमागे होतं आणि कुठेही दुखत नाही.

कपाखाली लहानसा रबरी व्हॉल्व्ह असतो. काही पंपांत तो बदकाच्या चोचीसारखा, काहींत पातळ गोल पापुद्र्यासारखा असतो. पंपाची ओढ धरून ठेवण्याचं काम हाच करतो. रोज तीन-चार वेळा वापर असेल तर दीड-दोन महिन्यांत तो सैल पडतो. चोचीची फट न दाबताही उघडी दिसू लागली की तो बदला. त्या फटीत बोट किंवा ब्रश घालून साफ करू नका, तिथेच चीर जाते. एक जोडी कायम बॅगेत ठेवा. 'अचानक दूध आटलं' असं वाटलं की शतावरीच्या आधी व्हॉल्व्ह तपासा.

तीन आठवडे आधी सुरुवात

सकाळी दूध सगळ्यात जास्त असतं. बाळाचं पहाटेचं किंवा सकाळचं पिणं झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने दिवसातून एकदाच पंप करा. बाळ पोटभर प्यालेलं असताना १५ ते ६० मिली निघणं अगदी योग्य आहे. ते बाळाच्या भुकेवरचं जास्तीचं दूध आहे. बाटलीतला हा आकडा पाहून पुष्कळ जणी खचतात, आणि तिथेच 'दूध पुरत नाही' ही समजूत घरात शिरते.

एका वेळची कृती अशी. हात साबणाने धुवा, पाणी प्या, पाठ टेकून बसा. कप मधोमध धरा, स्तनात रुतेल इतका दाबू नका. पंप आधी हलक्या, भराभर ओढीवर ठेवा. बाळही सुरुवातीला असंच चोखतं, आणि त्यानेच पान्हा येतो. एक-दोन मिनिटांत मुंग्या आल्यासारखं वाटेल किंवा थेंबांची धार होईल. काही जणींना काहीच जाणवत नाही, तेही ठीक. धार लागली की सावकाश, खोल ओढीवर जा. ओढ हळूहळू वाढवा, बोचायला लागली की एक पायरी खाली या आणि तिथेच राहा. जास्त ओढ म्हणजे जास्त दूध हे खरं नाही. दुखलं की शरीर आखडतं आणि पान्हा अडतो.

धार मंदावली की मोकळ्या हाताने स्तन वरून, बगलेकडून, खालून हलकेच दाबा. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा हलकी भराभर ओढ लावा, बहुतेकदा दुसरा पान्हा फुटतो. १५ ते २० मिनिटांत थांबा. शेवटी मिनिटभर हाताने पिळून काढलं तर मागचं दाट दूध येतं. रिकाम्या वाटणाऱ्या स्तनावर अर्धा तास पंप चालवून फक्त स्तनाग्र दुखतं.

पान्हा मनाशी बांधलेला असतो. खांद्यावर बाळाची न धुतलेली झबली, मोबाईलवर त्याच्या हसण्याचा व्हिडिओ, यांनी खरोखर फरक पडतो. बाटलीकडे टक लावून बसल्याने मात्र उलट होतं. बाटलीवर एक पायमोजा चढवा, म्हणजे मिली दिसत नाहीत.

ऑफिसातला दिवस

बाळ ज्या अंतराने पितं, साधारण त्याच अंतराने पंप व्हायला हवा. चार-सहा महिन्यांच्या बाळासाठी दर तीन तासांनी. सकाळी ७:३० ला निघण्यापूर्वी अंगावर पाजा. मग १०:३०, १:३० आणि ४:३० ला पंप, घरी पोहोचल्या-पोहोचल्या पुन्हा अंगावर. एकेका वेळी दोन्ही मिळून १०० ते १५० मिली मिळालं तर हिशेब जमला. मीटिंगमुळे एक वेळ अर्धा तास पुढे गेली तर बिघडत नाही. पण रोजच एक वेळ गाळली तर आठ-दहा दिवसांत दूध कमी होतं. साठून राहिलेलं दूधच शरीराला 'आता कमी बनव' असा निरोप देतं.

जागा आधीच मागून घ्या. रुजू होण्यापूर्वी पंधरा दिवस एचआरला ईमेल करा: 'मला दिवसातून तीन वेळा प्रत्येकी २५ मिनिटं, आतून कडी लागणारी खोली, एक खुर्ची आणि प्लगची सोय हवी आहे. जवळ बेसिन असल्यास उत्तम. स्वच्छतागृह या कामासाठी चालणार नाही.' तोंडी बोलणं नंतर विसरलं जातं, म्हणून लेखीच द्या. मातृत्व लाभ कायदा, १९६१ नुसार बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीशिवाय दिवसातून दोन वेळा स्तनपानासाठी वेळ मिळतो. २०१७ च्या दुरुस्तीनुसार ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय आणि तिथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा द्यावी लागते. नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, आणि तिच्यातही या तरतुदी आहेत. कायद्यात पंप हा शब्द नाही, तरी विनंतीला त्याचा आधार घ्या. आणि पाळणाघर खरंच ऑफिसजवळ असेल तर दुपारी जाऊन अंगावर पाजणं हे कुठल्याही पंपापेक्षा सरस.

शिक्षिका, परिचारिका, पोलीस, एसटीच्या वाहक यांना २५ मिनिटं सलग मिळतीलच असं नाही. दोन्ही बाजूंचा पंप, स्तन हाताने दाबत, दहा मिनिटं केला तरी बराच भाग निघतो. असे चार छोटे प्रयत्न दोन मोठ्यांच्या बरोबरीचे ठरतात. फिरतीवर असाल तर राज्यातल्या अनेक एसटी स्थानकांत आणि सरकारी कार्यालयांत स्तनपानासाठीचे हिरकणी कक्ष आहेत. रायगडाचा कडा उतरून तान्ह्याकडे धावलेल्या हिरकणीचं नाव त्यांना दिलं आहे. तिथे प्लग असेलच असं धरून चालू नका. पंप चार्ज केलेला असावा किंवा पॉवर बँक सोबत असावी.

बॅगेत काय असावं: पंप आणि चार्जर, कपांचे दोन संच, जास्तीचे व्हॉल्व्ह, झाकणाच्या तीन-चार बाटल्या, गोठवलेल्या जेल-पॅकसह थंड बॅग, स्वच्छ सुती रुमाल, ब्रामध्ये ठेवायचे पॅड, ओढणी किंवा स्टोल, एक जास्तीचा कुर्ता. फिक्या एकरंगी कपड्यांवर दुधाचे डाग उठून दिसतात. रुजू झाल्यावरचे पहिले पंधरा दिवस छापील कपडे बरे.

पंपाच्या दोन संचांमुळे ऑफिसात धुणं एकदाच करावं लागतं. दुधाला लागलेला प्रत्येक भाग वेगळ्या पातेल्यात, गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने धुवा. सिंकमध्ये थेट ठेवू नका, तिथे आधीच जंतू असतात. स्वच्छ रुमालावर हवेत वाळू द्या. बाळ दोन महिन्यांहून लहान किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल तर रोज एकदा पाच मिनिटं उकळा. नळ्या धुवायच्या नसतात. आत वाफ दिसली तर पंप काही मिनिटं रिकामा चालवा. काळे ठिपके दिसले तर नळी फेकून द्या.

साठवण आणि आपला उन्हाळा

२५ अंश सेल्सियसपर्यंतच्या खोलीत ताजं दूध ४ तास टिकतं. ऑफिसच्या एसीत हे चालेल, पण एप्रिल-मेमधल्या नागपूर-जळगावच्या घरात किंवा दुपारच्या लोकलमध्ये नाही. तिथे दूध काढल्याबरोबर थंड बॅगेत गेलं पाहिजे. पूर्ण गोठलेले जेल-पॅक बाटल्यांना चिकटून असतील आणि बॅग वारंवार उघडली नाही तर दूध २४ तास सुरक्षित राहतं. कल्याण ते सीएसएमटी प्रवास फास्ट लोकलनेही तासाहून जास्त असतो. फलाटावरची वाट आणि पुढची रिक्षा धरून दोन तासांची तयारी ठेवा. बर्फाचे खडे वितळून बाटल्या पाण्यात तरंगतात, म्हणून जेल-पॅकच घ्या.

फ्रीजमध्ये ४ अंशांना ४ दिवस. बाटल्या मागच्या बाजूला ठेवा. दार सारखं उघडतं, तिथे थंडावा टिकत नाही. ऑफिसच्या पॅन्ट्रीत झाकणाच्या अपारदर्शक डब्यावर नाव लिहून ठेवा. वेगळ्या दाराच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना ६ महिने दूध उत्तम राहतं. एकदारी फ्रीजच्या आतला बर्फाचा कप्पा तितका थंड नसतो, तिथलं दूध दोन आठवड्यांत वापरा. वीज गेली तर दार उघडून बघण्याचा मोह टाळा. बंद फ्रीज सुमारे ४ तास थंड राहतो, भरलेला फ्रीझर त्याहून बराच जास्त वेळ.

पिशव्या ६० ते ९० मिलीच्याच भरा, म्हणजे उरून वाया जात नाही. दूध ओतण्याआधी तारीख लिहा, वर दोन बोटं जागा सोडा (गोठताना दूध फुगतं) आणि पिशवी आडवी ठेवून गोठवा. नुकतंच काढलेलं कोमट दूध गोठलेल्यावर ओतू नका, आधी फ्रीजमध्ये गार करा.

वितळवायचं दूध रात्री फ्रीजमध्ये काढून ठेवा आणि पूर्ण वितळल्यापासून २४ तासांत वापरा. घाई असेल तर कोमट पाण्याच्या भांड्यात बुडवा. मायक्रोवेव्हमध्ये किंवा थेट गॅसवर नको. कुठे थंड, कुठे पोळणारं होतं आणि बाळाचं तोंड भाजतं. वर साय जमलेली दिसेल, हलकेच फिरवली की मिसळते. दूध निळसर, पिवळसर, कधी हिरवट दिसणं हा बिघाड नव्हे. वितळल्यावर साबणासारखा वास येत असेल तर तो दुधातल्या लायपेज या, स्निग्धांश फोडणाऱ्या विकरामुळे येतो. ते दूध नासलेलं नसतं, पण काही बाळं पीत नाहीत. अशांनी पुढच्या वेळी गोठवण्याआधी दूध कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवून लगेच गार करावं. उकळू देऊ नये.

घरी पाजणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातून देताना आईने खोलीत नसावं. वास आला की बाळ तिच्याकडेच झेपावतं. रुजू होण्याआधी दहा-बारा दिवस, बाळ फार भुकेलेलं नसताना, आजीने किंवा सांभाळणाऱ्या मावशींनी दिवसातून एकदा ३० मिली द्यावं. वाटी-चमचा किंवा बोंडलं (चोचीचं छोटं भांडं) बाटलीपेक्षा चांगलं. धुवायला सोपं, आणि बाटलीच्या वेगाची सवय लागून बाळ अंगावर प्यायला कुरकुरत नाही. बोंडल्याची चोच आतून घासता येते ना, एवढं पाहा. बाळाला बसतं धरा, चमचा खालच्या ओठाला टेकवा आणि त्यालाच ओढून घेऊ द्या, घशात ओतू नका. बाटलीच द्यायची तर ती आडवी धरा आणि मध्ये मध्ये थांबा.

एका वेळी ६० मिली, मागितलं तर आणखी ३०. उष्टं दूध दोन तासांच्या आत संपवा किंवा टाकून द्या. हे सगळं मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजच्या दाराला लावा. सासूबाईंना आणि मावशींना प्रत्येक वेळी फोनवर सांगण्यापेक्षा ते बरं. काही बाळं दिवसा जेमतेम १५० मिली पितात आणि रात्री आईला सोडत नाहीत. वजन नीट वाढत असेल आणि लघवी दिवसाला सहा-आठ वेळा होत असेल तर हाही त्यांनी काढलेला मार्गच आहे. आईची झोप मोडते हे खरं, त्यासाठी घरच्यांनी सकाळचं काम उचलावं.

दूध कमी वाटलं तर, या क्रमाने बघा

आधी व्हॉल्व्ह, मग कपाचं माप, मग गेल्या आठवड्यात किती वेळा पंप गाळला गेला ते. त्यानंतर पाळी परत आली का (त्या दिवसांत थोडं घटतं, पुन्हा वाढतं), इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी सुरू केली का, सर्दीसाठी स्यूडोएफेड्रिन असलेलं औषध घेतलं का. वाढवायचं असेल तर तीन-चार दिवस एक वेळ जास्त काढा आणि सुट्टीच्या दिवशी पंप बाजूला ठेवून बाळाला हवं तेव्हा अंगावर घ्या. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू जरूर खा, बाळंतिणीला पोषण हवंच. पण गाळलेल्या पंपाची भरपाई लाडू करत नाही.

पंप नसेल, बिघडला असेल किंवा वीज नसेल तर हात आहेतच. अंगठा वर आणि बोटं खाली, इंग्रजी सी सारखी, स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे ठेवा. आधी छातीकडे दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणा, सोडा. त्वचेवरून बोटं घासू नका. जागा फिरवत राहा. पहिल्या दिवशी थेंब येतील, आठवड्यात धार येऊ लागते.

एका जागी गाठ, लाली, ठणका आणि अंग कसकसत असेल तर स्तनाचा दाह सुरू झालेला असू शकतो. जोरजोरात चोळू नका, गाठ फोडायला जास्तीचा पंपही नको. दोन्हींनी सूज वाढते. नेहमीच्या वेळा पाळा, त्या बाजूनेही पाजा, रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं ठेवा, आडव्या व्हा. २४ तासांत उतार नसेल किंवा ताप चढत असेल तर डॉक्टरांकडे जा. या काळातलं दूध बाळाला चालतं.

पंप सोडताना

सहा महिन्यांनी वरचं अन्न सुरू झालं की दुपारची गरज हळूहळू घटते. एक वेळ कमी करायची तर ती एकदम बंद करू नका. दर तीन दिवसांनी पाच मिनिटं कमी करत न्या, नाहीतर दूध साठून गाठी होतात. वर्षाच्या पुढे बहुतेक आया ऑफिसातला पंप थांबवतात आणि सकाळ-संध्याकाळ अंगावर पाजणं चालू ठेवतात.

फ्रीझरमध्ये दूध उरलंच तर ते शेजारच्या बाळाला परस्पर देऊ नका. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदूधपेढी सुरू केली. आता राज्यात इतर शहरांतही अशा पेढ्या आहेत. तिथे दूध ६२.५ अंशांना ३० मिनिटं तापवून अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना देतात. दान करणाऱ्या आईच्या रक्ताची तपासणी होते, आणि घरी गोठवलेलं दूध घेण्याचे नियम प्रत्येक पेढीचे वेगळे असतात. म्हणून पिशव्या घेऊन निघण्याआधी फोन करा आणि सगळ्यात जुन्या पिशवीवरची तारीख हाताशी ठेवा.